सावलीचं अतिक्रमण

मी सरळमार्गी माणूस आहे. हे मी म्हणत नाही, माझ्या खात्यातले लोक म्हणतात. म्हणताना ते थोडे हसतात, पण ते सोडा. मी कधी रांगेत मध्ये घुसलो नाही, शेजाऱ्याच्या हद्दीत कुंडी ठेवली नाही, बसमधल्या दोन माणसांच्या बाकावर मी पाऊण माणसाइतकाच बसतो. अशा माणसाच्या दारावर एके दिवशी सकाळी सरकारी शिक्क्याचा कागद डकवलेला असतो आणि त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरांत 'अतिक्रमण' असं लिहिलेलं असतं. बरं, अतिक्रमण कशाचं? ओट्याचं नाही, पत्र्याचं नाही, कुंपणाचं नाही. सावलीचं! माझ्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली म्हणे संरक्षित जागेत 'विनापरवाना पडत' होती. परवाना घेऊन पडणारी सावली मी तरी आजवर पाहिलेली नाही.

संरक्षित जागा म्हणजे आमच्या समोरची जुनी वेधशाळा. वेधशाळा म्हटल्यावर घुमट, दुर्बीण असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. कुणा एका राजाला आकाशाचा नाद होता, त्याने मोठं पटांगण आखून त्यात दगडाची अवाढव्य यंत्रं बांधून ठेवली. त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे सूर्यघड्याळ. चार मजली घराएवढी एक तिरकी भिंत, तिच्या पाठीवरून वर चढत गेलेल्या आणि कुठेच न पोचणाऱ्या पायऱ्या, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना वर वळत गेलेले दगडी पट्टे. पट्ट्यांवर बारीक रेघा. भिंतीची सावली ज्या रेघेवर येईल ती वेळ. पटांगणात झाड म्हणून एक नाही, कारण झाडाची सावली यंत्रांवर पडली तर वेळ चुकते. हे सगळं मला नोटीस आल्यावर कळलं. त्याआधी इतकी वर्षं मी ते सूर्यघड्याळ रोज पाहत होतो आणि वेळ मात्र घरातल्या घड्याळात बघत होतो, आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

या सगळ्याच्या मुळाशी आत्याची आंघोळ आहे.

आत्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली तरी आवाज निवृत्त झालेला नाही. ती एकटी राहायची. एक दिवस न्हाणीघरात वाकून बादली उचलताना पाय घसरला आणि शेजारच्यांनी दार तोडेपर्यंत ती तिथेच ओल्या फरशीवर पडून होती. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, बादली उचलायची नाही आणि एकटं राहायचं नाही. मी तिला आणायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "येते. पण एक सांगते, उभ्याने आंघोळ करायची तर अंगावर धार पडली पाहिजे. थेंब थेंब मला चालणार नाही. जमत नसेल तर मी आपली माझ्या घरी बरी."

"आत्या, तू चल तर खरी," मी म्हणालो. त्या ओल्या फरशीवर ती पुन्हा एकटी उभी राहणार, हे मला चालणार नव्हतं. आईमागे माझे डबे, दप्तर, दुखणीखुपणी जिने काढली ती बाई आहे ही.

आमच्या घरात रिकामी खोली एकच, वरच्या मजल्यावरची. तिथल्या न्हाणीघरातल्या फवाऱ्यातून पाणी यायचं, नाही असं नाही. सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातून येतं तसं. पहिल्या दिवशी आत्या आंघोळ करून बाहेर आली आणि म्हणाली, "तुमच्याकडे आंघोळ करायची म्हणजे अर्ज करून पाण्याची वाट बघायची." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी नळजोडणीवाल्याला फोन लावला.

नळजोडणीवाला गच्चीवर चढला, कमरेवर हात ठेवून टाकीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "टाकी बसलीये साहेब. तिला उभी करा. पाण्याला उंची लागते." काम एवढंच होतं. एक लोखंडी घोडा करायचा आणि टाकी त्यावर चढवायची. एक सुट्टीचा दिवस, एक वेल्डर, विषय संपला. पण आमच्या बाजूच्या घरात 'अनुभवी' राहतात. त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव सांगतो' असं सुरू होतं, म्हणून सगळी गल्ली त्यांना अनुभवीच म्हणते. ते वेल्डरच्या आधी हजर.

"माझा अनुभव सांगतो," ते म्हणाले, "चढवायचीच तर चांगली चढवा. मी माझी थोडी चढवली, तर उन्हाळ्यात पुन्हा बोंब. मग पुन्हा वेल्डर, पुन्हा खर्च. एकदाच काय ते करून टाका."

मी म्हणालो, "नळवाला म्हणतो कमरेएवढा घोडा पुरे."

"नळवाला काय म्हणणार? त्याला दरवर्षी यायचंय."

तेवढ्यात वेल्डर आला. त्याच्याकडे एका मोडीत काढलेल्या जाहिरातफलकाचं लोखंड शिल्लक होतं. त्याने मापं घेतली, अनुभवींचं ऐकलं आणि मी ऑफिसला गेल्यावर सगळंच्या सगळं लोखंड वापरून टाकलं. संध्याकाळी येऊन बघतो तर टाकी आकाशात. मी विचारलं, "अरे, एवढी उंच कशाला?" तर म्हणतो, "उरलेलं लोखंड काय घरी नेऊन शिजवू?" यावर सभ्य माणसाने काय बोलावं? मी पैसे दिले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी वरून जो आवाज आला! धो धो! आत्या न्हाणीघरातून गात होती. आत्या गाते हे मला आजवर माहीत नव्हतं आणि का माहीत नव्हतं हेही मला लगेच कळलं. बाहेर येऊन केस पुसत ती म्हणाली, "ही आंघोळ." बास. त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर ऑफिसात शीळ घालत होतो.

आणि मग तो कागद आला.

झालं होतं असं. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकतो आणि दुपार कलली की तो नेमका आमच्या घराच्या मागे येतो. माझी उंचावलेली टाकी आणि त्या कलत्या सूर्याने मिळून एक लांबलचक सावली रस्ता ओलांडून वेधशाळेत पाठवली. ती थेट सूर्यघड्याळाच्या पट्ट्याच्या कडेवर पडायची आणि पुढे तिकीटखिडकीपर्यंत पसरायची. इथपर्यंतही कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण तिथे एक गाईड आहे. खुद्द राजानेच त्याला कानात सगळं सांगून ठेवल्यासारखं बोलतो. जुन्या भिंतीच्या सावलीची कड झिजून अंधुक झाली आहे. माझी टाकी नवी, तिची कड कशी सुरीने कापल्यासारखी. गाईडने आपली तीच दाखवायला सुरुवात केली. "बघा, शेकडो वर्षं झाली, पण या दगडाने एक क्षण चुकवला नाही!" एका सहलीच्या मंडळींनी भारावून जाऊन आपापली मनगटावरची घड्याळं माझ्या टाकीवर लावून घेतली आणि आरामात हिंडत बसली. त्यांची बस निघून गेली. त्यांनी तक्रार केली. कुणाची? गाईडची? छे. दगडाची! आणि दगडाच्या खात्याने चौकशी करून गुन्हेगार शोधला तो मी.

मी म्हणतो, ज्या माणसाच्या मनगटावर चालू घड्याळ आहे तो माणूस ते काढून, मागे-पुढे करून, एका दगडाच्या नादी लागून चुकीचं लावतो, त्याची बस चुकलीच पाहिजे. यात माझा काय दोष? पण आमची बायको म्हणाली, "अहो, ओरडू नका. आत्या ऐकतील." आत्याला हे कळू द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. मी कागद दारावरून काढला, तर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, हा कागद काढणं हाही गुन्हा आहे. मग मी तो पुन्हा डकवला आणि त्यावर कॅलेंडर टांगलं. घराच्या बाहेरच्या बाजूला कॅलेंडर टांगणारं आमचं गल्लीतलं एकमेव घर.

पुराणवास्तू जतन कार्यालयात मी हक्काची रजा टाकून गेलो. मी स्वतः वीज खात्याच्या तक्रार विभागात आहे, तेव्हा कार्यालयं मला नवी नाहीत. पण आमच्याकडे एक शिस्त आहे. माणसाला एकाच खिडकीवर उभं राहावं लागतं, भले ती बंद असो. इथे मला चार खिडक्यांवर नाचवलं आणि चारही उघड्या होत्या! शेवटच्या खिडकीवरच्या कारकुनाने नोटीस वाचली, उलटी करून पाठही वाचली आणि विचारलं, "सावली तुमचीच कशावरून?"

"तुम्हीच तर लिहिलंय माझी म्हणून!"

"ते आम्ही लिहिलंय. तुम्ही मान्य करता का?"

"टाकी माझी आहे."

"टाकीबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही," तो सौजन्याने म्हणाला. "टाकी तुमच्या हद्दीत आहे, ती खुशाल राहू द्या. फक्त सावली काढून घ्या."

तो थट्टा करत नव्हता. मी विचारलं, "बरं, परवानगी मिळेल का? उन्हाळ्यापुरती?" त्याने नियम चाळले. मांडवासाठी अर्ज होता, चित्रीकरणासाठी होता, भिंतीसाठी, खांबासाठी, फलकासाठी होता. सावलीसाठी नव्हता. "फलकात बसवून बघू का?" तो म्हणाला. "सावलीवर काही मजकूर आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग नाही बसत," तो हळहळून म्हणाला. आमच्या खात्यात आम्ही माणसाला नाही म्हणतो, पण हळहळून त्याच्या जखमेवर मीठ चोळत नाही.

ही बातमी मी कुणालाही सांगितली नव्हती, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती सगळ्या गल्लीला माहीत होती. माझ्या ओट्यावर सभाच भरली. अनुभवी म्हणाले, "माझा अनुभव सांगतो, टाकीला पांढरा रंग द्या. पांढऱ्या वस्तूची सावली फिकट पडते." मी म्हटलं, चुन्याच्या भिंतीची सावली काळीच पडते हो. तर म्हणे, "तुम्ही कधी मोजलीत?" पलीकडच्या वहिनींनी काचेची टाकी सुचवली. कोपऱ्यावरच्या शिंप्याने घोड्याला चाकं लावून दुपारी टाकी पलीकडे ढकलायची युक्ती काढली आणि ढकलायला कोण, यावर त्याने माझ्या तब्येतीकडे पाहिलं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! उंट त्यांचा नाही, शेळ्याही त्यांच्या नाहीत. आणि ज्यांच्या सल्ल्याने टाकी आकाशात गेली ते अनुभवी जाताना काय म्हणाले? "एवढी उंच चढवायलाच नको होती. मी तेव्हाच मनात म्हटलं होतं."

माझा मेहुणा वकील आहे. त्याला या प्रकरणाचा फार आनंद झाला. आयुष्यभर भाडेकरू आणि मोटार अपघात करून तो कंटाळला होता. त्याने कार्यालयाला एक खरमरीत उत्तर पाठवलं. त्याचा सारांश असा, की सावली ही वस्तू नसून प्रकाशाचा अभाव आहे, आणि जे मुळात नाही ते कुणाच्या जागेत घुसणार कसं? शिवाय सावली पाडण्याचं काम सूर्य करतो, तेव्हा सूर्याला या प्रकरणात पक्षकार केल्याशिवाय माझ्या अशिलाला जबाबदार धरता येणार नाही. हे वाचून मला क्षणभर फार बरं वाटलं. कार्यालयानेही ते मनावर घेतलं. त्यांनी सूर्याचा मुद्दा 'विचाराधीन' ठेवला आणि माझ्या सावलीच्या प्रत्यक्ष पाहणीचा हुकूम काढला.

पाहणीला दोन अधिकारी आले. फीत, खडू, कॅमेरा, सगळा सरंजाम. त्या दिवशी आभाळ असं गच्च दाटून आलं होतं की सूर्यघड्याळाची स्वतःचीही सावली पडत नव्हती. ते दोघं दुपारभर पटांगणात वर तोंड करून उभे राहिले. शेवटी एकाने लिहिलं, 'सदर ठिकाणी सावली आढळून आली नाही. अतिक्रमण हटवल्याचं दिसतं.' प्रकरण निकालात! सुंठीवाचून खोकला गेला. मी संध्याकाळी पेढेवाल्याकडे जाणार होतो, पण बायको म्हणाली, "आधी उद्याचं ऊन पडू द्या." या बाईचं असलं थंड शहाणपण मला कधी कधी असह्य होतं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, आणि त्यानंतर जी नोटीस आली ती पहिल्यापेक्षा मोठ्या कागदावर होती. 'अतिक्रमण एकदा हटवल्यानंतर हेतुपुरस्सर पुन्हा केल्याबद्दल.' आता मी नुसता गुन्हेगार नव्हतो, कागदावर नावापुढे लिहिलेला 'सराईत' होतो. कॅलेंडर या नोटिशीला पुरेना.

ही नोटीस आत्याने वाचली. कॅलेंडर वाऱ्याने फडफडलं आणि तिने ते उचलून बघितलं. मुख्याध्यापिकाच ती, पाटीवर काय झाकलंय हे तिला बरोबर दिसतं. जेवताना ती एकदम म्हणाली, "माझ्या आंघोळीपायी हे सगळं?"

"छे छे! आत्या, तुझा काय संबंध? दगडाचं खातं आहे ते, डोकंही तसंच."

"टाकी उतरवलीस तर संपेल?"

"टाकी उतरणार नाही!" मी ताटावर हात आपटला. "मी कुणाचं घेतलंय? चोरी केलीये? माझ्या घरात, माझ्या माणसाने, माझ्या पाण्याने आंघोळ करायची तर एका मेलेल्या राजाला विचारायचं? परवा मोठे साहेब स्वतः येणार आहेत वेधशाळेत सुनावणीला. मी त्यांना असं सुनावतो की बघच!"

आत्याने मला वाढलं आणि ती वर गेली. त्या रात्री मी भाषण लिहायला बसलो. इतकं चांगलं भाषण मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. त्यात वृद्धांचे हक्क होते, पाण्याचा दाब होता, सूर्य होता, एका ठिकाणी तर 'सावलीला सीमा नसतात' असंही वाक्य होतं. मेहुण्याने ते वाचून डोळे पुसले. निदान तो तसं म्हणाला.

सुनावणीच्या दिवशी मी ऑफिसातून परस्पर वेधशाळेत पोचलो. इस्त्रीचा शर्ट, खिशात भाषण, शेजारी मेहुणा. पटांगणात वरून ऊन आणि खालून तापलेला दगड, माणूस दोन्हीकडून भाजून निघत होता. सूर्यघड्याळाच्या भिंतीची अजस्र सावली पट्ट्यावर पसरलेली, पण तिथे दोरी लावलेली, 'आत बसू नये'. ती सरकारी सावली संरक्षित होती. मोठ्या साहेबांसाठी टेबल, खुर्ची, पाण्याचा तांब्या हे सगळं दोरीच्या बाहेर तिकीटखिडकीजवळ मांडलेलं होतं. साहेब त्या खुर्चीत भर उन्हात बसले होते. टक्कल लाल झालं होतं. पहारेकऱ्याला ते म्हणत होते, "इथे काय म्हणून मांडलीस रे खुर्ची?"

"साहेब, इथंच बसतो आम्ही रोज," पहारेकरी कळवळून म्हणाला. "यावेळेला इथं सावली असते."

"कुठे आहे?"

"असते साहेब! आईशप्पथ असते!" तिकीटवालाही पुढे आला. गाईडही आला. तिघांनी माझ्या घराकडे बोट केलं, आणि मीही तिकडे पाहिलं. गच्चीवर जाहिरातफलकाच्या लोखंडाचा घोडा तसाच उभा होता, आणि त्यावर टाकी नव्हती.

मी धावत सुटलो. मेहुणा मागून ओरडत होता, "अहो, गैरहजर धरतील!" मी जिने चढून गच्चीवर गेलो. टाकी गच्चीच्या फरशीवर उतरवून ठेवलेली. वेल्डर दोर गुंडाळत होता, अनुभवी त्याला दोर कसा गुंडाळायचा ते सांगत होते आणि आत्या टाकीला टेकून खुर्चीवर बसली होती.

"कुणाला विचारून उतरवलीस?" मी ओरडलो. आत्यावर मी जन्मात कधी ओरडलो नव्हतो.

"कुणाला विचारायचं? मी बोलावलं त्याला."

"आणि तुझी आंघोळ?"

"ती मी माझ्या घरी करीन. उद्या पोचव मला. न्हाणीघरात नवीन फरशी घालून घेते, घसरणार नाही मी." मग ती खुर्चीतून उठली. "अरे, तुझ्या नावापुढे 'सराईत' लिहिलेलं मला नाही बघवत. तू परीक्षेत कधी शेजाऱ्याच्या पेपरात पाहिलं नाहीस. मीच वाढवलंय ना तुला? मला माहीत नाही?"

मी सरळ सांगतो, मला रडू येत होतं. ऑफिसची बॅग हातात, घामाने इस्त्री मोडलेली, आणि समोर वेल्डर आणि अनुभवी. मी म्हणालो, "तू कुठेही जाणार नाहीस." त्यापुढे भाषणातलं एकही वाक्य आठवेना.

तेवढ्यात खालून आवाज आला. "ओ टाकीवाले!"

टाकीवाले! इतकी वर्षं खात्यात साहेब म्हणवून घेतलं आणि भर रस्त्यात ही पदवी. मी कठड्यापाशी गेलो. खाली वेधशाळेच्या भिंतीला लागून मोठे साहेब डोक्यावर फाइल धरून उभे होते. मागे पहारेकरी, तिकीटवाला, गाईड आणि हात जोडलेला माझा मेहुणा. माझ्या आधी आत्याच कठड्याशी येऊन उभी राहिली.

"टाकी उतरवली आहे!" तिने शाळेच्या पटांगणावर शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. खाली साहेबांसकट सगळे ताठ उभे राहिले. "आता माझ्या भाच्याच्या दारावरचा तो कागद काढा. तो सराईत नाही."

"बाई," साहेब खालून म्हणाले, "ती कुणी उतरवायला सांगितली?"

"तुम्हीच!"

"आम्ही सावली काढायला सांगितली होती," साहेब घाम पुसत म्हणाले. मग त्यांच्या बहुधा स्वतःच लक्षात आलं. "म्हणजे... तसं नाही. हे बघा, हे लोक किती वर्षं छपरासाठी अर्ज करतायत. इथे छप्पर म्हणजे बांधकाम, बांधकाम म्हणजे परवानगी, ती काही मिळत नाही. तुमची टाकी आल्यापासून निदान दुपार कलल्यावर तरी यांना सावलीत बसता येतं, हे मला आत्ता कळतंय. मला कुणी सांगितलंच नाही!"

"आणि वेळ चुकते त्याचं काय?" हे मी विचारलं. का विचारलं देव जाणे. बायको म्हणते, ही माझी जन्मखोड आहे.

साहेबांनी गाईडकडे पाहिलं. गाईड आकाशाकडे पाहायला लागला. "त्याची व्यवस्था करतो," साहेब म्हणाले. "पण टाकी आजच्या आज वर चढवा. खात्याचा हुकूम समजा. मी आत्ता लिहून देतो."

"अहो, पण माझं म्हणणं—" मी खिशातून भाषण काढलं.

"तुमचं म्हणणं मान्य आहे," साहेब म्हणाले आणि सावली शोधत निघून गेले. ऐकून न घेता मान्य केलेलं म्हणणं! असा अपमान मी आमच्या खात्यात कुणाचा करत नाही. आम्ही ऐकून घेतो आणि अमान्य करतो. ते भाषण अजून माझ्या कपाटात पडून आहे आणि कुणाला ऐकायचं असेल तर मी कधीही तयार आहे.

टाकी त्याच संध्याकाळी चढली. वेल्डरने उतरवण्याचे आणि चढवण्याचे वेगवेगळे पैसे घेतले. वेधशाळेत तिकीटखिडकीजवळ आता एक दगडी पाटी आहे. तिच्यावर कोरलंय, 'ही सावली वेळ दाखवत नाही'. त्या सावलीत पहारेकरी आणि तिकीटवाला सुखाने पेंगत असतात. परदेशी पाहुणे त्या पाटीचे फोटो काढतात. गाईड त्यांना सांगतो, हा राजाचा विनोद आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून पुन्हा तोच आवाज, धो धो, आणि तेच गाणं. मी खाली दाढी उरकून न्हाणीघरात गेलो. अंगाला साबण लावला, डोक्याला लावला, तोंडाला लावला आणि नळ सोडला. नळाने एक खोकला काढला, दोन थेंब दिले आणि तो गप्प बसला. अख्खी टाकी! अख्खी टाकी एका बाईने एका आंघोळीला रिकामी केली होती. मी तसाच साबणाने माखलेला, डोळे मिटून, दार किलकिलं करून ओरडलो, "आत्या! पाणी संपवलंस सगळं!"

वरून जिन्यातून आत्याचा आवाज आला, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. "मग मोठी टाकी बसव की! मी काय आता दोन दिवसांची पाहुणी आहे?"